कोकणात इव्हेंट मॅनेजमेंटचा व्यवसाय: नव्याने उतरणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर आता लग्ने, कंपन्यांची संमेलने, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आणि पर्यटन महोत्सव वाढले आहेत. यातली बहुतेक मोठी कामे मुंबई-पुण्याच्या कंपन्या घेतात आणि प्रत्यक्ष राबण्यासाठी इथला माणूस शोधतात. त्या माणसाने केवळ मजूर पुरवणारा मध्यस्थ न राहता स्वतःच्या नावावर काम घ्यावे, यासाठी काय काय करावे लागते ते इथे क्रमाने लिहिले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम करतो. माझ्या पाहण्यात या धंद्यात अडचणीत आलेली बहुतेक मंडळी सजावटीत कमी पडलेली नव्हती. भरतीची वेळ, सहहिस्सेदाराची संमती किंवा मजुरांची सुट्टी यांपैकी एखादी गोष्ट त्यांनी वेळेवर पाहिली नव्हती. म्हणून पुढचा भर त्याच गोष्टींवर आहे.

१. आधी एक हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली काढा

इव्हेंट मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम शहरांत आहेत आणि त्यांतून अंदाजपत्रक व सादरीकरण चांगले शिकता येते. तरीही तुळशीच्या लग्नापासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंतचा एक पूर्ण हंगाम एखाद्या मंडपवाल्याकडे किंवा केटररकडे काढावा, असे माझे ठाम मत आहे. दोघांपैकी एकच निवडायचा असेल तर केटरर निवडा. चारशे पाने वाढायला किती वाढपी लागतात, दुसरी पंगत बसायला प्रत्यक्षात किती वेळ जातो, आचाऱ्याला पाणी कमी पडले की काय होते, हे स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिल्याशिवाय कार्यक्रमाचे वेळापत्रक खरे लिहिता येत नाही. पाहुण्यांच्या तक्रारीही बहुधा जेवणापासूनच सुरू होतात.

२. व्यवसायाची नोंदणी करा

ही पायरी लोकांना वाटते त्यापेक्षा सोपी आहे. लागणारी कागदपत्रे आणि नोंदण्या अशा:

– पॅन, आधार, राहत्या किंवा कार्यालयाच्या जागेचा पुरावा (घरपट्टीची पावती, वीजबिल किंवा भाडेकरार)
– भागीदारीत काम असेल तर नोंदणीकृत भागीदारीपत्र
– उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंद)
– महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली नोंद. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि तिची पावती मिळते, वीस किंवा अधिक असतील तर नोंदणी करावी लागते (२०२५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा दहाची होती)
– व्यवसायाच्या नावाचे चालू खाते
– वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे जात असेल तर जीएसटी नोंदणी

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे विनामूल्य होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा. ती करून ठेवण्याचा खरा उपयोग पुढे होतो. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे बिल करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि कंपन्यांशी व्यवहार करताना हे वाक्य करारात असले की वसुलीची भाषा बदलते. उलाढाल मर्यादेच्या आत असली तरी कंपन्यांची कामे करायची असतील तर जीएसटी क्रमांक घ्यावा लागेल, कारण त्याशिवाय बऱ्याच कंपन्या व्हेंडर (पुरवठादार) म्हणून नोंदच करून घेत नाहीत.

३. कोकणाचे वर्ष आधी कागदावर मांडा

ग्राहकाने तारीख सांगितली आणि तुम्ही लगेच होकार दिला, इथेच अर्धी गडबड होते. एका मोठ्या कागदावर बारा महिने आखा आणि त्यावर पुढील गोष्टी लिहा.

गणेशोत्सव आणि शिमगा या काळात काम घेऊ नका, किंवा घेतलेच तर माणसे घाटावरून आणण्याचा खर्च धरून घ्या. मांडव घालणारा, लाइटवाला, टेम्पोचा चालक, आचारी, सगळेच त्या दिवसांत आपापल्या घरी असतात. शिमग्याला होळी पेटली म्हणजे सण संपला असे समजू नका. रत्नागिरीच्या अनेक गावांत ग्रामदेवतेची पालखी पौर्णिमेनंतरही बरेच दिवस घरोघर फिरते आणि ज्या वाडीत ती असते त्या वाडीतला माणूस तुमच्या ट्रसचे (दिवे-पडदे टांगायच्या धातूच्या सांगाड्याचे) बोल्ट आवळायला येत नाही. त्याने यावे अशी अपेक्षाही धरू नये.

एप्रिल-मे हा लग्नाचा आणि पर्यटनाचा भर, आणि तोच आंब्याचाही. पिकअप टेम्पो पेट्या वाहण्यात गुंतलेले असतात, मजूर बागायतदाराने आधीच बांधून घेतलेले असतात आणि दोघांचेही दर चढलेले असतात. या दोन महिन्यांतल्या कामांसाठी वाहतुकीचा ठराव फेब्रुवारीतच करून ठेवावा. विहिरीही याच काळात आटतात. कोकणात पाऊस किती पडतो हे सांगून टँकरवाल्याचा दर कमी होत नाही.

कलाकारांचे गणितही वेगळे आहे. सिंधुदुर्गात कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळे रात्रीमागून रात्री बांधलेली असतात. ‘पाहुण्यांसाठी तासाभराचा दशावतार ठेवू’ असे ग्राहकाला सांगण्यापूर्वी मंडळाच्या मालकाला विचारा. नाटक तासाभरात बसवायला तो तयार आहे का, हेही विचारा. नमन, जाखडी किंवा डबलबारी भजन ठेवायचे असेल तरी हाच नियम लागू पडतो. कलाकारांना जेवणाच्या वेळी पार्श्वसंगीतासारखे एका कोपऱ्यात बसवू नये, हे माझे वैयक्तिक मत आहे आणि ते मी ग्राहकालाही सांगतो.

मग मुहूर्त. अधिक मासात लग्ने नसतात. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ असल्याने मे महिन्याचा उत्तरार्ध लग्नांपुरता जवळजवळ रिकामा जातो, आणि त्यामुळे आधीच्या तारखांवर गर्दी होते.

शेवटी पाऊस. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येणारा मान्सून २०२५ मध्ये २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला होता. त्यामुळे १५ मेनंतरच्या उघड्यावरच्या प्रत्येक कार्यक्रमासाठी छप्पर असलेली पर्यायी जागा आधीच बांधून ठेवावी आणि तिचे भाडे अंदाजपत्रकात दाखवावे.

पाहुणे रेल्वेने येणार असतील तर आरक्षण ६० दिवस आधी उघडते (पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती), तो दिवस याच कागदावर लाल शाईने लिहा. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ या स्थानकांची तिकिटे मे महिन्यात उघडल्या सकाळीच संपतात. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, हेही बाहेरच्या पाहुण्यांना कळवावे लागते.

४. जागा पाहताना सातबारा आणि मोजपट्टी सोबत ठेवा

देखणी नारळी-पोफळीची वाडी पाहून ग्राहक भारावतो. तुम्ही आधी सातबारा मागा. कोकणात एकेका जमिनीवर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात आणि त्यातले निम्मे मुंबईत राहतात. गावातल्या एका भावाने भाडे घेऊन जागा दिली आणि मांडव उभा राहताना दुसऱ्याने हरकत घेतली, असे प्रसंग नवे नाहीत. जागा खासगी असेल तर सर्व हिस्सेदारांची लेखी संमती, निदान जागा देणाऱ्याच्या नावाचे मुखत्यारपत्र, घेतल्याशिवाय इसार देऊ नका. वहिवाटीची वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर त्या मालकाशीही बोलून घ्या.

त्यानंतर रस्ता मोजा. वाडीतले रस्ते दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या गडग्यांमुळे रुंद होऊ शकत नाहीत. सर्वांत अरुंद वळण, सर्वांत खाली लोंबणारी तार आणि लहान साकव या तीन ठिकाणी मोजमाप घ्या. ट्रस आणि एलईडी वॉल घेऊन येणारा ट्रक तिथून जात नसेल तर हमरस्त्यावर माल उतरवून पिकअपने आत न्यावा लागेल, आणि त्यासाठी माणसे व निदान अर्धा दिवस जास्त लागेल. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीवरून सामान आणायचे असेल तर शेवटची फेरी कितीची, आणि त्या वजनाचे वाहन बोटीवर घेतात का, हे समक्ष जाऊन विचारावे.

विजेचा हिशोब स्वतः करायला शिका. सर्व उपकरणांचे वॅट लिहून बेरीज करा. जनरेटरचा एक केव्हीए म्हणजे साधारण ०.८ किलोवॅट. भार ४० किलोवॅटचा असेल तर ५० केव्हीएचा जनरेटर अगदी काठावर चालतो, ६२.५ केव्हीएचा घ्या. महावितरणची तात्पुरती जोडणी घेतली तरी जनरेटर उभा ठेवावाच. साउंड आणि स्वयंपाकघर यांच्या लाइन वेगळ्या ठेवा आणि गळती झाल्यास वीज तोडणारे ब्रेकर प्रत्येक लाइनवर आहेत का ते डोळ्यांनी पाहा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्या लवकर गंजतात आणि ओल्या वाळूत उघडा जोड जीवघेणा ठरतो.

५. कार्यक्रम समुद्रकिनारी असेल तर

सूर्यास्ताच्या वेळी वाळूवर लग्न, ही मागणी आता नेहमीचीच झाली आहे. तिला होकार देण्यापूर्वी पंचांग उघडा. आपल्याकडचा जुना ठोकताळा असा की तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच वाजता पहाटे-रात्रीही. मालवण-वेंगुर्ल्याकडे ती मुंबईच्या आधी लागते, म्हणून अंतिम वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच ठरवावी. मात्र ग्राहकाशी फोनवर बोलतानाच तारीख साधारण कशी आहे ते या ठोकताळ्याने सांगता येते.

याचा अर्थ असा की पौर्णिमेच्या संध्याकाळी सहा वाजता ओहोटी असते आणि पुळण (किनाऱ्याची वाळू) लांबवर मोकळी मिळते. छायाचित्रकार खूश होतो, आणि नवशिका व्यवस्थापक मांडव पाण्याच्या दिशेने आणखी पुढे सरकवतो. त्याच रात्री अकरा-बाराला उधाणाची भरती येते आणि उरलेले साउंड, खुर्च्या व गालिचे तिथेच असतात. अष्टमीला उलट घडते. भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) भरती उंच चढत नाही, परंतु ती ऐन सूर्यास्तालाच असल्याने पुळण अरुंद मिळते. म्हणून जागेची पाहणी दोनदा करा: एकदा उधाणाच्या भरतीला, वाळूवर सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची रेषा कुठे आहे ते पाहण्यासाठी, आणि एकदा कार्यक्रमाच्याच वेळी, ऊन आणि वारा पाहण्यासाठी. मांडवाचा कोणताही खांब त्या रेषेच्या समुद्राकडे नसावा.

वारा दुपारनंतर समुद्रावरून येतो आणि मार्च ते मे या काळात तो पडदे, फुग्यांच्या कमानी आणि कापडी छते टिकू देत नाही. वाळूत खुंट्या धरत नाहीत; वाळू भरलेल्या गोणींचे वजन द्यावे लागते. मंचामागचे मोठे फ्लेक्स गाळून मोकळी चौकट ठेवावी, कारण भरीव पडदा शिडासारखा वारा धरतो. एलईडी वॉल पश्चिमेकडे तोंड करून लावली तर सूर्यास्तापर्यंत तिच्यावर काहीच दिसत नाही.

भरती-ओहोटीच्या दरम्यानची पुळण कोणाच्याही खासगी मालकीची नसते, म्हणून ‘समोरचा किनारा आमचाच आहे’ हे रिसॉर्टचालकाचे म्हणणे ग्राह्य धरू नका. तिथल्या कार्यक्रमासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात, ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत आणि तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू असल्यामुळे पक्के बांधकाम, वाळूचे उंचवटे सपाट करणे, केवडा किंवा सुरूची झाडे तोडणे यातले काहीही करू नये.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात. ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात, त्यामुळे वाळूवर रोखलेले प्रखर दिवे त्यांना समुद्राऐवजी मांडवाकडे आणतात. अशा किनाऱ्यावर काम घेण्यापूर्वी वन विभागाला आणि गावातल्या कासवमित्रांना विचारा. ते नको म्हणाले तर ग्राहकाला दुसरा किनारा सुचवा. लेझर आणि फटाके मात्र कुठल्याच किनाऱ्यावर ठेवू नका.

६. परवानग्या

अर्ज निदान महिनाभर आधी द्या, पोच घ्या, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सर्व परवानग्यांच्या प्रती एका फाइलीत मंचाजवळ ठेवा. पोलीस ठाण्याची परवानगी कार्यक्रमासाठी आणि ध्वनिक्षेपकासाठी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणांसाठी वर्षातले काही ठरावीक दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देते, पण ती तुमच्या खासगी समारंभासाठी आहे असे समजू नका. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शासनाने तसा घोषित केला असेल तर शांतता क्षेत्र असतो. संगीत दहाला थांबेल, हे ग्राहकाला पहिल्याच बैठकीत सांगा आणि करारात लिहा. ऐन रंगात आलेल्या वऱ्हाडासमोर ते पहिल्यांदा सांगण्याची वेळ येऊ देऊ नका.

मद्य ठेवायचे असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो. केटररकडून अन्नसुरक्षा परवान्याची किंवा नोंदणीची चालू प्रत घ्या. ध्वनिमुद्रित गाण्यांबाबत बरीच भीती घातली जाते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे, परंतु कंपनीचे संमेलन किंवा तिकीट लावलेला कार्यक्रम त्यात येत नाही आणि त्यासाठी हक्कधारक संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो. ड्रोनसाठी त्या जागेचा हवाई नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर पाहावा, विशेषतः रत्नागिरी आणि चिपी विमानतळांच्या आसपास. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा हे किल्ले केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. तिथे समारंभाची कल्पना ग्राहकाच्या डोक्यातून सुरुवातीलाच काढावी.

थर्माकोलची सजावट आणि एकदाच वापरायचे प्लास्टिक यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. कोकणात त्याची उणीवही भासू नये. नारळाच्या झावळ्या, पोफळीच्या विऱ्या, आंब्याचे टाळे आणि हंगामात सुरंगी-अबोलीचे वळेसर एवढ्या सामग्रीवर उत्तम मांडव सजतो आणि घाटावरून ट्रकभर फुले आणण्याचा खर्च वाचतो.

७. गाव सोबत घ्या

सरपंच, पोलीस पाटील, देवस्थानचे मानकरी आणि शेजारच्या वाडीतली मंडळी यांना कार्यक्रमाआधी समक्ष भेटा. मांडवाची पहिली मेढ रोवण्यापूर्वी ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालण्याची पद्धत असेल तर तो मान राखा. यजमान मुंबईचा असला तरी त्यालाही सोबत न्या. मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी सुकवण्याची जागा हलवायला सांगू नका. पार्किंग, पाणी, सफाई, घरगुती मोदक किंवा घावणे यांची कामे गावातल्या बचत गटांना आणि तरुणांना ठरलेल्या दराने द्या.

८. अंदाजपत्रक आणि करारनामा

तुमचे शुल्क वेगळे आणि उघड दाखवा. व्हेंडरकडून छुपी दलाली घेण्याची पद्धत बाजारात आहे. लहान जिल्ह्यात ती फार दिवस लपत नाही, आणि ग्राहक पुढच्या वेळी थेट मंडपवाल्यालाच फोन करतो. खर्चाच्या एकूण रकमेवर अनपेक्षित बाबींसाठी दहा टक्के राखून ठेवा.

करारनामा मुद्रांकावर करावा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात जुन्या शंभर-दोनशे रुपयांच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागतो. त्यात कामाची यादी, पाहुण्यांची कमाल संख्या, संगीत थांबण्याची वेळ, मोडतोडीची जबाबदारी आणि पैशांचे टप्पे स्पष्ट असावेत. माझी पद्धत अशी: एक तृतीयांश तारीख ठरताना, एक तृतीयांश महिनाभर आधी, आणि उरलेली रक्कम कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी. ‘नंतर बघू’ असे म्हणणाऱ्या यजमानाकडून नंतर पैसे काढणे नात्यागोत्याच्या गावात फार अवघड जाते.

नैसर्गिक आपत्तीचे कलम वगळू नका. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत उत्तरेकडे गेले. हवामान विभागाचा इशारा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश आल्यास तारीख किती महिन्यांत बदलून मिळेल, कोणता खर्च परत मिळणार नाही आणि व्हेंडरना दिलेल्या आगाऊ रकमेचे काय होईल, हे आकड्यांत लिहा, आणि हेच कलम व्हेंडरबरोबरच्या करारातही ठेवा. मोठ्या कार्यक्रमासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा घ्यावा.

९. कार्यक्रमाचा दिवस

‘मिनिट टू मिनिट’ कार्यक्रमपत्रिका तयार करा आणि प्रत्येक ओळीपुढे एकाच माणसाचे नाव लिहा. दोन नावे लिहिली की दोघेही दुसऱ्यावर विसंबून राहतात. किनाऱ्यावर मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसते; कोणत्या कंपनीचे सिम कुठे चालते ते पाहणीच्या वेळीच तपासा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कुठून येईल, तिला लागणारा वेळ आणि सर्पदंश-विंचूदंशावरचे औषध असलेले जवळचे आरोग्य केंद्र ही माहिती सर्व प्रमुखांकडे लेखी असावी. जेवणानंतर पाण्यात उतरू पाहणाऱ्या पाहुण्यांना अडवण्यासाठी गावातले पोहणारे जीवरक्षक नेमा. या कामासाठी यजमानांचा नातेवाईक नेमू नये. तो पाहुण्यांना नाही म्हणू शकत नाही.

तुम्ही स्वतः कोणतेही काम अंगावर घेऊ नका. व्यवस्थापकाच्या हातात झांजा किंवा वाढायचे पातेले आले की बाकीचे सगळे कोणाच्याच नजरेखाली उरत नाही.

१०. नंतरचा आठवडा

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला किनारा झाडून घ्या. रात्री राहिलेले खिळे, तारा आणि काचा दिवसाच दिसतात. जागामालक आणि ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीसमोर जागा ताब्यात द्या, छायाचित्रे काढा आणि अनामत परत घ्या. व्हेंडरचे पैसे आठवड्याच्या आत चुकते करा, कारण पुढच्या मे महिन्यात तो टेम्पो तुम्हाला देणार की दुसऱ्याला, हे त्यावरच ठरते. प्रत्यक्ष भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, शेवटची पंगत उठल्याची वेळ आणि खर्चातली तफावत एका वहीत लिहून ठेवा. बिले, करारनामा आणि हिशोब मात्र जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात कागद टिकत नाही, म्हणून त्याच आठवड्यात सर्व काही स्कॅन करून घ्या.